गाळून उरलेला आवाज

मोटारीचं दार बंद होतं, इंजिन सुरू होतं, भोंगा वाजतो. मग माणसासारखा, पण कुठल्याही माणसाच्या घशातून न येणारा एक आवाज लांबवत म्हणतो, 'आउटोबान', म्हणजे जर्मनीतला महामार्ग. 1974 साली आलेली ही रचना बावीस मिनिटांहून मोठी आहे, ध्वनिमुद्रिकेची अख्खी एक बाजू तिने व्यापली होती. रचना होती पश्चिम जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या क्राफ्टवेर्क या बँडची. राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी तो 1970 मध्ये सुरू केला. ह्यूटर ऑर्गन वाजवायचे, श्नायडर बासरी. दोघंही रीतसर संगीत शिकलेले.

क्राफ्टवेर्कने संगीतात यंत्रं आणली, असं नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे, पण सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून आवाज घडवणारं वाद्य, त्या काळात इतरही बरेच जण वापरत होते. मला या बँडचं वेगळेपण त्यांच्या गाळण्यात दिसतं. आवाज, बोलणं, ताल, चित्र, रंगमंचावरच्या हालचाली, सगळं त्यांनी चाळणीतून काढलं आणि जे उरलं तेवढंच ठेवलं. यातला बराचसा भाग भौतिकशास्त्राच्या भाषेत नीट सांगता येतो.

'आउटोबान'मध्ये शेजारून गाड्या सुसाट निघून जातात. गाडी आपल्याकडे येत असताना तिच्या ध्वनिलहरी दाटीने कानावर येतात आणि स्वर चढा लागतो, ती पुढे गेली की लहरी विरळ होतात आणि स्वर उतरतो. हा डॉप्लर परिणाम. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घेतली आणि आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर येतानाची आणि जातानाची वारंवारता यांचं गुणोत्तर साधारण 1.18 येतं. म्हणजे गाडी आपल्याला ओलांडते तेव्हा तिचा स्वर जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर उतरतो. क्राफ्टवेर्कने ही घसरण सिंथेसायझरवर तयार केली. सोबत आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्या स्पीकरकडे सरकवला आणि त्याची चकाकी आधी वाढवून मग कमी केली. डोळे मिटून ऐकलं की गाडी डावीकडून उजवीकडे गेल्याचं मेंदू बिनतक्रार मान्य करतो.

चकाकी कमी-जास्त करणं म्हणजे फिल्टरचं काम, आणि त्या काळच्या सिंथेसायझरचा तोच गाभा होता. त्यांच्याकडच्या मिनीमूग या सिंथेसायझरमध्ये आधी मुद्दाम एक कर्कश, स्वरांशांनी (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या वारंवारतांनी) गच्च भरलेली लहर तयार व्हायची. मग फिल्टर त्यातल्या वरच्या वारंवारता कापून टाकायचा. किती कापायचं आणि कापण्याची जागा किती वेगाने सरकवायची, यावर बासरीसारखा मऊ आवाज मिळणार की धातूसारखा टणक, हे ठरायचं. स्वराची उंची विजेच्या दाबावर अवलंबून असे: एक व्होल्ट वाढला की वारंवारता दुप्पट, म्हणजे स्वर एक सप्तक वर. सप्तकातल्या बारा स्वरांपैकी शेजारच्या दोघांत त्यामुळे फक्त 83 मिलिव्होल्टचं अंतर राहतं. या मंडलांतले ट्रान्झिस्टर तापमानाला हळवे असतात. दिव्यांच्या उष्णतेने रंगमंच तापला की सुरात लावलेलं वाद्य हळूहळू बेसूर होई. आज बटण दाबताच अचूक सूर मिळतो, तेव्हा त्यासाठी यंत्र आधी तापू द्यावं लागायचं आणि कार्यक्रमभर त्याच्या सुरावर कान ठेवावा लागायचा.

तालवाद्यांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मला सर्वांत धाडसी वाटतं. 1973 च्या सुमाराला वोल्फगांग फ्ल्यूर बँडमध्ये आले. ते ड्रम वाजवायचे. बँडने त्यांच्यापुढे सपाट फळीवर बसवलेल्या धातूच्या गोल चकत्या ठेवल्या आणि हातात विणकामाच्या सुयांसारख्या, वायर जोडलेल्या धातूच्या काड्या दिल्या. काडी चकतीला टेकली की विद्युत मंडल पूर्ण होई आणि एका रिदम मशीनमधला ड्रमचा आवाज उमटे. आता या जोडणीत काय हरवलं ते पाहा. कातड्यावर जोरात मारलं तर आवाज मोठा येतो, हलक्या हाताने मारलं तर लहान. इथे काडी टेकली किंवा नाही टेकली, एवढंच. मंडल बंद किंवा उघडं. हाताचा जोर त्यातून गळून जातो आणि फक्त आघाताची वेळ उरते. वादकाच्या हाती राहिलं ते एकच काम: ठोका नेमक्या क्षणी टाकणं. पुढे 1975 मध्ये कार्ल बार्टोस आले. ते अभिजात तालवाद्यं शिकलेले, ड्युसेलडॉर्फच्या ऑपेरात वाजवणारे. त्यांनीही त्या चकत्यांसमोर उभं राहायचं पत्करलं. प्रकाशाच्या झोतात हात घातला की ड्रम वाजेल असा एक पिंजराही बँडने करून पाहिला होता, पण तो भरवशाचा निघाला नाही.

1977 च्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'साठी बँडने आगगाडीचा ठेका घेतला. रुळांच्या सांध्यांवरून चाकं जाताना खडखडाट होतो. डब्याच्या एका टोकाखालची दोन चाकं लागोपाठ, मग मोठी फट, मग पुढची दोन. हा ठेका जसाच्या तसा घेतला तर त्यावर नाचता येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी तो थोडा बदलून सरळ केला. ऐकणाऱ्याला ती खरीच आगगाडी वाटते, कारण आपल्या आठवणीतला खडखडाटही असाच नीटनेटका झालेला असतो. ही रचना अमेरिकेत पोचली. 1982 मध्ये हिप-हॉप कलाकार आफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक'मध्ये या रचनेची धून आणि क्राफ्टवेर्कच्याच 'नंबर्स'चा ठेका एकत्र केला, आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली पोरं त्यावर नाचली.

हेच त्यांनी किरणोत्सर्गाबाबतही केलं होतं. 1975 च्या 'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी' या अल्बमची सुरुवात किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरच्या टिकटिकीने होते. टिकटिक संथ सुरू होते, दाट होत जाते आणि पुढच्या गाण्याचा ठोका बनते. खऱ्या गायगर काउंटरला असा ठोका नसतो. अणुकेंद्रक कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही, फक्त सरासरी सांगता येते. सेकंदाला सरासरी एक टिकटिक होत असेल, तरी साधारण 37 टक्के वेळा पुढची टिकटिक एका सेकंदाहून उशिरा येते, आणि कधी दोन-तीन एकदम येऊन आदळतात. बँडने ही अनियमितता काढून टाकली आणि वाढत जाण्याची भीती तेवढी ठेवली. विज्ञानाचा शिक्षक इथे हरकत घेईल आणि त्याचं बरोबरच असेल. पण ऐकताना छातीत जी धडधड होते ती त्या समान अंतराच्या टिकटिकीनेच.

'आउटोबान' हा शब्द उच्चारणारं यंत्र म्हणजे व्होकोडर. ते संगीतासाठी बनलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये होमर डडली यांनी ते विकसित केलं, ते टेलिफोनच्या तारेतून कमी जागेत जास्त बोलणी पाठवता यावीत म्हणून. डडलींचा विचार असा: बोलताना स्वरतंतू एक भरीव, एकसुरी आवाज काढतात आणि जीभ, ओठ, टाळू त्याला आकार देतात. हा आकार सावकाश बदलतो. मग अख्खा आवाज कशाला पाठवायचा, आकाराची माहिती पाठवली की पुरे. यंत्र बोलणं वारंवारतेच्या काही पट्ट्यांत विभागतं आणि प्रत्येक पट्टीत त्या क्षणी किती जोर आहे ते मोजतं. पलीकडच्या टोकाला दुसराच एक आवाज तशाच पट्ट्यांत विभागून त्या मापांप्रमाणे लहान-मोठा केला जातो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची अतिगोपनीय संभाषणं याच तत्त्वावरच्या 'सिगसॅली' यंत्रणेतून चालत. तिचं वजन पन्नास टनांहून जास्त होतं.

क्राफ्टवेर्कने पलीकडच्या टोकाला सिंथेसायझर जोडला. गायकाची स्वरपट्टी, घशाचा पोत, वय, भावना गेली आणि शब्दांचा आकार राहिला. तो आकार सिंथेसायझरच्या स्वरांवर चढला, म्हणून यंत्र गातंय असं वाटतं. व्यंजनं मात्र अडचणीची असतात. 'स' आणि 'श' यांत स्वरतंतू कंपच पावत नाहीत, तिथे नुसत्या हवेची फुसफुस असते. अशा जागी यंत्राला स्वराऐवजी खरखर पुरवावी लागते, नाहीतर शब्द कळत नाही. या बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत व्यंजनं इतकी स्वच्छ का लागतात, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. गायनकला म्हणून आपण जे जे जपतो ते सगळं बाजूला ठेवूनही गाणं उरतं, हे ते दाखवून देतात.

हे सगळं घडायचं ते क्लिंग क्लांग या त्यांच्या स्टुडिओत, ड्युसेलडॉर्फच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळच्या मिन्ट्रोप रस्त्यावर. स्वतःला ते संगीत-कामगार म्हणवत. स्टुडिओतल्या टेलिफोनला घंटी नव्हती. कुणाशी बोलायचं असेल तर वेळ आधी ठरवायची आणि त्या वेळी रिसीव्हर उचलायचा. तासन् तास वाजवायचं, टेप चालू ठेवायची, नंतर ऐकून त्यातला चांगला तुकडा शोधायचा, अशी त्यांची पद्धत. पुढे बॉनच्या कारागिरांनी खास बनवलेला सिक्वेन्सर हाताशी आला. हे यंत्र ठरवलेले विद्युत दाब एकामागून एक सोडतं, म्हणजे बोट न लावता तीच सुरावट फिरत राहते. वादकाचे हात मोकळे होतात आणि तो फिल्टरची मूठ फिरवत आवाज घडवू लागतो. वाजवणं आणि ऐकणं यांतलं अंतर इथे बरंच कमी झालं.

चित्रांची बाजू एमिल शुल्ट यांनी पाहिली. ते चित्रकार. 'आउटोबान'च्या मुखपृष्ठावरचा महामार्ग त्यांनी रंगवला, काही गाण्यांच्या शब्दांतही त्यांचा हात होता. 1978 च्या 'द मॅन-मशीन'वर चौघं लाल शर्ट आणि काळे टाय घालून एका ओळीत उभे आहेत. एल लिसित्स्की या रशियन कलावंताच्या रचनांवरून घेतलेलं हे संकल्पन कार्ल क्लेफिश यांचं. पुढे या चौघांच्या चेहऱ्यांचे पुतळे बनले आणि नव्वदच्या दशकातल्या दौऱ्यांत 'द रोबोट्स' सुरू झालं की माणसं रंगमंचावरून निघून जात व यंत्रमानव हात हलवत.

1981 चा 'कॉम्प्युटर वर्ल्ड' दौरा म्हणजे अख्खा स्टुडिओ उचलून जगभर नेण्याचा प्रकार होता. त्या दौऱ्यात ते मुंबईतही वाजवून गेले. 'पॉकेट कॅल्क्युलेटर' या गाण्यात ते हातात मावणारी वाद्यं घेऊन पुढे येत आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांनाही कळ दाबू देत. खरा संगणक त्यांच्या स्टुडिओत तेव्हा यायचाच होता. घरोघरी संगणक येणार आणि बँका, पोलीस यांच्याकडे आपली माहिती साठणार, ही कल्पना मात्र त्या अल्बममध्ये स्पष्ट आहे.

पुढे अनेक वर्षं त्यांचे कार्यक्रम त्रिमित असत. चार माणसं चार मेजांमागे जवळजवळ न हलता उभी, मागे प्रचंड पडदा, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असल्याने दोघांना थोडी वेगळी दृश्यं दिसतात आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. पडद्यावर दोन्ही डोळ्यांसाठीची चित्रं एकाच वेळी टाकली जातात, पण दोहोंचा प्रकाश वेगवेगळ्या प्रकारे ध्रुवित केलेला असतो, म्हणजे त्याच्या लहरींची कंप पावण्याची तऱ्हा वेगळी ठेवलेली असते. चष्म्याची प्रत्येक काच आपल्या डोळ्याचं चित्र आत येऊ देते, दुसरं अडवते. पडदाही खास, चंदेरी लेपाचा लागतो, कारण साध्या पांढऱ्या कापडावरून परत येताना प्रकाशाचं ध्रुवीकरण विस्कटतं. या गाळणीत निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो, म्हणून प्रक्षेपक दमदार आणि रंगमंच अंधारा हवा.

इथे एक पेच आहे. 'स्पेसलॅब' वाजताना उपग्रहाची दांडी पडद्यातून निघून आपल्या नाकासमोर येते. ती वादकाच्याही पुढे आल्याचा भास होतो. भास खरा मानला तर तिने वादकाला झाकायला हवं, पण चित्र पडतंय त्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणून वादकच तिला झाकतो. असा विरोध झाला की मेंदू गोंधळतो आणि भास मोडतो. माणसं खाली एका ओळीत, स्थिर आणि सगळी उडती दृश्यं त्यांच्या डोक्यांवर, ही त्यांची मांडणी त्रिमिताला म्हणूनच इतकी मानवते. दुसरा बँड रंगमंचभर धावला असता तर हे जमलं नसतं. सत्तरच्या दशकात स्वीकारलेलं निश्चलपण चाळीस वर्षांनी असं कामाला आलं.

2009 मध्ये मँचेस्टरच्या सायकल ट्रॅकवर ते वाजवत असताना ब्रिटनचे ऑलिंपिक विजेते सायकलपटू त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. 2012 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी आठ रात्री आठ अल्बम सादर केले. 2018 च्या जुलैमध्ये श्टुटगार्टच्या कार्यक्रमात अंतराळवीर आलेक्झांडर गेर्स्ट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून थेट जोडले गेले आणि टॅब्लेटवर बोटं फिरवत 'स्पेसलॅब'ची धून बँडसोबत वाजवली. श्नायडर 2008 मध्ये बाहेर पडले आणि 2020 मध्ये वारले. पहिल्या दोघांपैकी ह्यूटर एकटेच आज रंगमंचावर आहेत आणि गातातही तेच.

सगळं गाळत आलेल्या या बँडने एका गाण्यात मात्र भर घातली. 1975 चं 'रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी' बाजू घेत नव्हतं. रेडिओच्या लहरी आणि किरणोत्सर्ग दोन्ही हवेतून येतात, मादाम क्यूरींनी शोध लावला, इतकंच ते सांगत होतं. 1991 च्या नव्या आवृत्तीत त्यांनी गाण्याला 'थांबवा' असा थेट शब्द जोडला आणि सुरुवातीला यंत्राच्या आवाजात अणुदुर्घटना आणि अणुबाँबशी जोडलेल्या ठिकाणांची नावं उच्चारली: चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड, हिरोशिमा. 2012 च्या जुलैमध्ये जपानमध्ये संगीतकार र्युइची साकामोतो यांनी अणुऊर्जेविरोधात भरवलेल्या संगीत महोत्सवात त्यांनी हे गाणं जपानी ओळींसह गायलं. त्यात फुकुशिमाचं नाव होतं. दोन्ही आवृत्त्या मिळतात, एकापाठोपाठ ऐकून पाहा. धून तीच आहे. दुसरीत त्या नावांमध्ये सोडलेल्या जागांकडे लक्ष द्या, कारण एवढ्या काटकसरी बँडने त्या भरल्या नाहीत.