बायबल-कोडी

बायबल-कोडी : बायबलमधील कथा, व्यक्तिनामे, स्थळे व वचने मुलांच्या मनावर ठसावीत म्हणून चित्रकोडे, तुकडेजोड, शब्दकोडे, शब्दशोध, ठिपकेजोड, वाटशोध अशा खेळांतून केलेली मांडणी. रविवारची शाळा (संडे स्कूल), सुटीतील बायबल वर्ग (व्ही. बी. एस.) आणि घर ही या साहित्याच्या वापराची मुख्य ठिकाणे होत. ते आज बहुधा एकपानी असते. शिक्षकाने ते छापून घ्यावे, त्याच्या झेरॉक्स काढाव्यात आणि रंगीत खडूंबरोबर वाटावे, एवढीच त्याची रीत. हे रूप सर्वपरिचित असल्याने प्रस्तुत नोंदीत उगमाचा वाद आणि देवनागरीतील मांडणीचे प्रश्न यांचा विशेष विचार केला आहे.

पूर्वपीठिका : बायबलमध्येच कोडी आहेत, तेव्हा ही प्रथा बायबलइतकीच जुनी आहे, असे कधीकधी सांगितले जाते. शमशोन या बलाढ्य वीराने लग्नाच्या मेजवानीत घातलेले सिंह व मध यांचे कोडे (शास्ते १४), हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बेतलेले १७६ ओव्यांचे ११९ वे स्तोत्र आणि यिर्मयाच्या ग्रंथात ‘बाबेल’ऐवजी आलेले ‘शेशख’ हे उलट्या वर्णक्रमाचे सांकेतिक नाव, हे त्याचे नेहमीचे दाखले. हा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटतो. शमशोनाचे कोडे ही तीस जोड वस्त्रांची पैज होती. तिच्यात शिकवणे नव्हते आणि मुलेही नव्हती. वर्णानुक्रमी स्तोत्रे पाठांतराला मदत करत असतील, पण वाचकाने त्यांत काही शोधून काढायचे नसते.

अधिक जवळचा पूर्वज म्हणजे पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशात लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली ‘आर्स मेमोरांडी’ ही पुस्तिका. तिच्यात मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांसाठी अनुक्रमे देवदूत, सिंह, बैल व गरुड या आकृती असून त्यांच्या अंगावर प्रकरणांची आठवण देणाऱ्या लहान-लहान वस्तू क्रमांकासह रेखाटल्या आहेत. वापरणारे बहुधा धर्मगुरू व विद्यार्थी असावेत. वचनाच्या जागी वस्तू ठेवायची आणि पाहणाऱ्याने ती उलगडायची, ही युक्ती मात्र येथे पूर्णपणे दिसते.

चित्रकोडे-बायबल : ज्याला निःसंशय बायबल-कोडे म्हणता येईल असे पहिले मोठे पुस्तक जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील मेल्खिओर माट्सपेर्गर याचे. ‘गाइस्टलिखे हेर्त्सेन्स-आइनबिल्डुंगेन’ या नावाने ते १६८० च्या दशकात निघाले. वर्षाबाबत वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे एकवाक्यता नाही. त्यात बायबलमधील २५० वचने असून प्रत्येक वचनातील काही शब्दांच्या जागी चित्रे आहेत. पाने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली होती. शीर्षकाचा रोख हृदयाच्या चिंतनाकडे आहे. केवळ मुलांसाठी म्हणून हे पुस्तक रचले गेले, असे दिसत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रकार टॉमस हॉजसन या मुद्रकाने १७८३ च्या सुमारास लंडनला आणला. ‘अ क्युरिअस हायरोग्लिफिक बायबल’ हे त्याचे पुस्तक तरुण वाचकांच्या करमणुकीसाठी असल्याचे शीर्षकपृष्ठावरच म्हटले होते. १७८८ मध्ये आयझाया टॉमस याने अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथे त्याची आवृत्ती काढली. तीत सुमारे पाचशे चित्रे असल्याची जाहिरात होती. (हाच टॉमस पुढे १८१२ मध्ये अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीचा संस्थापक झाला. मुलांनी फाडून-चुरगाळून टाकलेल्या स्वस्त पुस्तकांचा इतिहास आज सांगता येतो, याचे बरेचसे श्रेय त्याच्या संग्रही वृत्तीला जाते.) पानावर वर चित्रमिश्रित वचन आणि तळाशी तेच वचन सरळ अक्षरांत, अशी रचना असे. म्हणजे उत्तर त्याच पानावर. मुलाने ते हाताने झाकून धरायचे.

इंग्लिश पुस्तकाचे मूळ कोणते, याबद्दल मतभेद आहेत. डब्ल्यू. ए. क्लाउस्टन याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या विषयावरील ग्रंथात धागा ऑग्सबर्गपर्यंत नेला. अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात आम्सटरडॅमला निघालेले डच छोटे चित्र-बायबल हा मधला दुवा धरला, तर हे मत बळकट होते. याउलट, चित्र-शब्दांची मिश्र वाक्ये फ्रान्सच्या पिकार्डी भागात आणि इंग्लंडमधील थिल्लर प्रेमपत्रांतही रूढ होती. तेव्हा हॉजसनला जर्मन नमुन्याची गरज नव्हती, असेही म्हणता येते. चित्रांची निवड व वचनांचा क्रम पाहता पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, मात्र तो नकलेपेक्षा प्रेरणेचा संबंध मानावा. ऑग्सबर्गच का, याचेही उत्तर दोन प्रकारे दिले जाते. इटालियन लेखक आल्चातो याचे प्रतीकचित्रांचे पुस्तक १५३१ मध्ये प्रथम याच शहरात छापले गेले. त्या परंपरेत चित्र, वचन आणि गूढार्थ एकत्र नांदत. दुसरीकडे शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघाले होते आणि वस्तूच्या चित्रावरून शब्द शिकवण्याची पद्धत जर्मन शाळांत पसरत होती. माट्सपेर्गरचे शीर्षक पहिल्या परंपरेकडे बोट दाखवते, हॉजसनचे दुसरीकडे.

हॉजसनच्या आवृत्तीतील काही चित्रे प्रसिद्ध काष्ठकोरक टॉमस ब्यूइक याची असल्याचे मानले जाते. सगळीच त्याच्या नावावर घालणारे जुने ग्रंथविक्रेते मात्र किमतीकडे पाहून बोलत असावेत. श्रेयापेक्षा तंत्र महत्त्वाचे आहे. तांब्यावरच्या कोरीव रेषेत शाई खोलात राहते, त्यामुळे ती उमटवायला वेगळा दाबयंत्र-रूळ लागतो. लाकडी ठोकळ्याचा छापणारा भाग खिळ्यांसारखाच (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांसारखाच) उंच असतो. तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत कसून एकाच दाबात छापता येतो. वाक्याच्या मधोमध चित्र बसवायचे असेल तर हाच मार्ग स्वस्त. ऑग्सबर्गचे उच्चभ्रू भक्तिपुस्तक लंडनमध्ये मुलांच्या हाती पडू शकले, त्यामागे धर्मविचाराइतकाच ठोकळ्याच्या उंचीचाही वाटा आहे.

‘हायरोग्लिफिक’ या नावाबद्दल एक गंमत. हॉजसनच्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. १४१९ मध्ये अँड्रॉस बेटावर मिळालेल्या, इजिप्तच्या चित्रलिपीवरील होरापोलोच्या ग्रीक ग्रंथामुळे युरोपात अशी समजूत होती, की त्या लिपीतील प्रत्येक चित्र म्हणजे एक गूढ कल्पना. फ्रेंच विद्वान शांपोल्याँने १८२२ मध्ये दाखवून दिले, की त्यांतील पुष्कळ चित्रे केवळ ध्वनीसाठी वापरलेली आहेत. म्हणजे चुकीच्या समजुतीवर ठेवलेले नाव योगायोगाने बरोबर निघाले : डोळ्याचे (इंग्लिशमध्ये ‘आय’) चित्र काढून त्याच उच्चाराचा ‘मी’ या अर्थाचा शब्द वाचायला लावणाऱ्या इंग्लिश चित्रकोड्याचे तत्त्व इजिप्शियन लेखकांना ठाऊक होते.

तुकडेजोड : लाकडावर चिकटवून सीमारेषांवर कापलेले नकाशे लंडनचा जॉन स्पिल्सबरी १७६० च्या दशकात विकत होता. शोधाचे श्रेय सहसा त्याला देतात. परंतु फ्रेंच शिक्षिका ल प्रँस द बोमों त्याआधीच असे लाकडी नकाशे वर्गात वापरत असल्याचे पुरावे पुढे आल्याने तो पहिला व्यापारी विक्रेता होता, एवढेच म्हणणे सुरक्षित. शतकाच्या अखेरीस बायबलमधील प्रसंगांच्या तुकडेजोडी विकल्या जाऊ लागल्या. प्रॉटेस्टंट घरांत रविवारी इतर खेळणी कपाटात बंद होत, तेव्हा नोहाचे तारू व अशा तुकडेजोडी यांना मुभा असे. मुलांना त्या किती आवडत हे सांगणे अवघड. त्या दिवशी दुसरे काही हाती नव्हते.

रविवारची शाळा : रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे सुरू केलेल्या शाळेपासून हिचा इतिहास मोजतात, जरी हॅना बॉल हिची हाय विकम येथील शाळा १७६९ ची आहे. आठवडाभर राबणाऱ्या मुलांना वाचायला शिकवणे हा प्रारंभीचा हेतू होता. त्यात कोड्यांना जागा नव्हती; वचने पाठ करा आणि बक्षिसाची तिकिटे मिळवा, असा खाक्या. १८७२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या अधिवेशनात सर्वांनी एका रविवारी एकच धडा शिकवावा असे ठरले आणि चित्र बदलले. लाखो मुलांना त्याच आठवड्यात तोच धडा लागणार म्हटल्यावर त्यावरची चित्रपत्रे, प्रश्नपत्रके व कोडी घाऊक छापणे परवडू लागले. आजच्या एकपानी साहित्याचा खरा आरंभ येथे मानावा.

शब्दकोडे व शब्दशोध : आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी आले. १९२४ मध्ये अमेरिकेत आलेल्या शब्दकोड्यांच्या लाटेत पिट्सबर्गच्या एका बॅप्टिस्ट पाळकाने प्रवचनाचे वचन शब्दकोड्यात घालून मंडळीकडून फळ्यावर सोडवून घेतले होते. शब्दशोधाचा जनक म्हणून ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन गावी १९६८ मध्ये एका जाहिरातपत्रात तो छापणाऱ्या नॉर्मन गिबाट याचे नाव घेतात. स्पेनमधील पेद्रो ओकोन दे ओरो याचा दावाही तितकाच गंभीर आहे. गिबाटच्या कोड्यांच्या प्रती पहिल्यांदा मागवल्या त्या तिथल्या शाळाशिक्षकांनी, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. शब्दशोध सोडवायला अर्थ कळावा लागत नाही. त्यामुळे तो वर्ग शांत ठेवतो, आणि त्याच कारणाने शिक्षणदृष्ट्या तो सर्वांत दुबळा.

आक्षेप : उत्तर आधीच ठरलेले असल्याने असे कोडे मुलाला विचार करायला न लावता फक्त पुनरुक्ती करायला लावते, हा जुना आक्षेप. दुसरा निवडीबद्दल. नोहाच्या रंगवायच्या चित्रात जोडीजोडीने प्राणी असतात, बुडालेली माणसे नसतात. तिसरा चित्रांबद्दल : मूर्तिनिषेधाची आज्ञा मानणाऱ्यांनी देवाचे चित्र कसे काढायचे? बहुतेक पुस्तकांत ‘देव’ हा शब्द अक्षरांतच ठेवून हा पेच टाळलेला दिसतो.

मराठीत : फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत आहे. गोव्यात ख्रिस्ती कथा मराठीतून पसरल्या त्या ऐकून आणि म्हणून. छापील साहित्य अमेरिकन मराठी मिशनबरोबर आले. तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला निघाले आणि मुलांचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७० च्या दशकाच्या आरंभी. पुढे सायक्लोस्टाइल (मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून प्रती काढण्याचे यंत्र) आल्यावर शिक्षकाला स्टेन्सिलवर स्वतः चौकटी आखता येऊ लागल्या.

मराठी बायबल-कोड्यांचा खरा प्रश्न व्याकरणाचा व लिपीचा आहे. चित्रकोड्यात इंग्लिश नाम जसेच्या तसे राहते. मराठीत विभक्ती लागताच त्याचे सामान्यरूप होते. घोड्याचे चित्र काढून पुढे ‘वर’ लिहिले, तर मूल ‘घोडावर’ वाचते. म्हणून प्रथमेतील नामे असलेली वचने सोयीची. योहानाच्या शुभवर्तमानातील ‘मी … आहे’ या सात विधानांपैकी भाकर, दार, मेंढपाळ व वेल यांची चित्रे सहज निघतात. ‘पुनरुत्थान’ निघत नाही.

शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासह, हा संकेत रूढ आहे. त्यानुसार ‘ख्रिस्त’ दोन घरांत मावतो, ‘मत्तय’ तीन. नोहा, मोशे, लूक, पौल, योना ही नावे दोनच घरांची. शब्दशोधात ती लपवायला जागाच उरत नाही. दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर स्वरही जुळावा लागतो : ‘योहान’ व ‘नोहा’ हे ‘हा’वर भेटतात, पण ‘दावीद’मधल्या ‘वी’ला जोडीदार म्हणून ‘लेवी’च शोधावा लागतो. कोणी रचणारे वि-वी एकच धरतात. शुद्धलेखनाचे शिक्षक त्यांना क्षमा करत नाहीत. इंग्लिशसाठी बनवलेल्या संगणकीय कोडे-जनकांत घोटाळा आणखी वाढतो, कारण ते अक्षर न मोजता संकेतांक (संगणकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले वेगळे क्रमांक) मोजतात. ‘ख्रि’मध्ये ख, हलन्तचिन्ह, र आणि वेलांटी असे चार संकेतांक असल्याने ते चार घरांत फुटते व एका घरात नुसती वेलांटी लोंबकळत राहते.

पुस्तकांच्या यादीवरची कोडी पंथ पाहून करावी लागतात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये जुन्या करारात ३९ व एकूण ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ४६ व ७३. अहमदनगरच्या मुलांसाठी रचलेली ३९ नावांची चौकट वसईच्या कॅथलिक वर्गात नेली, तर तोबीत, यहूदीथ आणि मक्काबी यांना घरे मिळत नाहीत.