वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल आणि विकतचे तारे

‘दहा दिवसांत दहा किलो!’ असं वाचलं की आधी हिशोब मांडावा. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. रोज किलोभर चरबी जाळायची तर रोज तेवढी तूट पडायला हवी, आणि बैठं काम करणाऱ्या माणसाचा दिवसभराचा खर्चच २,००० च्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण उपाशी राहूनही हे जमणार नाही. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो बहुतेक पाण्यामुळे. रेचकानंही तो तसाच येतो आणि पाणी प्यायलं की परत चढतो.

तरी लोक अशा कॅप्सूल घेतात, कारण ऑनलाइन दुकानात त्यांच्याखाली हजारो कौतुकाचे रिव्ह्यू असतात. त्यांचं मोल किती? गार्सिनिया कंबोजिया हे आपल्या कोकमाच्या जातकुळीतलं फळ, केरळात वाळवून माशाच्या कालवणात घालतात. त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाच्या कॅप्सूल जगभर खपतात. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. आहार दोन्ही गटांना सारखाच. रोज १,५०० मिलिग्रॅम आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोनं घटलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोनं! पुढे २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) अशाच कॅप्सूल ॲमेझॉनवर विकणाऱ्या क्युअर एन्कॅप्सुलेशन्सवर कारवाई केली. कमिशनचा आरोप असा, की मालकानं एका वेबसाइटला १,००० डॉलर देऊन रिव्ह्यू लिहवून घेतले, आणि विक्रीसाठी ५ पैकी सरासरी ४.३ तारे लागतात असंही त्या वेबसाइटला कळवलं.

म्हणून रिव्ह्यू ‘नवीन आधी’ असे लावून तारखा बघा. चार-पाच दिवसांत पाच ताऱ्यांचा लोंढा आणि मग महिनाभर शुकशुकाट, हे संशयास्पद. डिलिव्हरीनंतर दोनच दिवसांत ‘महिन्यात ८ किलो कमी झाले’ लिहिणारा खोटा. जुने रिव्ह्यू मोबाईल कव्हर किंवा शाम्पूबद्दल असतील, तर दुसऱ्या वस्तूच्या पानावर ही बाटली चढवली आहे. ‘व्हेरिफाइड’ शिक्क्यावरही विसंबू नका. खरेदीचे पैसे मागाहून परत देऊन तो मिळवता येतो. ‘आधी-नंतर’चे फोटो गूगल लेन्समध्ये टाका, तोच माणूस दुसऱ्याच ब्रँडखाली सापडू शकतो. दोन-तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू मात्र सावकाश वाचा. धडधड, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं हे तिथेच लिहिलेलं असतं.

ही लक्षणं फार गंभीरपणे घ्यायला हवीत. ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन वारंवार सापडलं आहे. हे भूक मारणारं औषध. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये अमेरिकेतून काढून घेतलं गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. अमेरिकी औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त ठरवलेल्या वजन घटवण्याच्या ३१७ उत्पादनांपैकी बहुतेकांत हेच होतं. म्हणजे ‘खरंच भूक लागत नाही’ असा अगदी प्रामाणिक रिव्ह्यूही धोक्याची खूण असू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाला तर अशी कॅप्सूल जिवावर बेतू शकते, आणि लेबलवर नावच नसल्यामुळे डॉक्टरलाही पत्ता लागत नाही.

बाटलीवर एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) १४ अंकी परवाना क्रमांक असतो. तो त्यांच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर टाकून कंपनीचं नाव-पत्ता जुळतो का पाहा. जुळला तरी त्याचा अर्थ व्यवसायाची नोंद आहे एवढाच, वजन उतरेल असा नव्हे. औषधानं लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याखाली निषिद्धच आहे.

घेऊन झालं असेल आणि त्रास होत असेल तर कॅप्सूल लगेच थांबवा, पण बाटली फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, बॅच क्रमांक दिसणारं लेबल आणि बिल जपून ठेवा, बाटली डॉक्टरांना दाखवा. फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला करता येते. आत भेसळ असल्याचा संशय मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेच कळवा, आणि जमलं तर एखादी सीलबंद बाटलीही त्यांना द्या.