जेलवरचा तो वेगळा पट्टा: रेट्रॉनची पार्श्वभूमी

रेट्रॉन म्हणजे जिवाणूंच्या गुणसूत्रावरचा, आरएनएवरून डीएनए घडवून घेणारा एक छोटा घटक. त्याची गोष्ट समजायला थोडे मागे जावे लागते. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांना आपापल्या प्रयोगशाळेत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज सापडले. आरएनए वाचून डीएनए घडवणारे हे विकर (एन्झाइम) मिळाले ते कर्करोगकारक विषाणूंत. साहजिकच पुढचा शोधही विषाणूंच्या आणि प्रगत पेशींच्या अंगानेच होत राहिला. जिवाणूंकडे त्या नजरेने पाहायचे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

१९८४ मध्ये मासायोरी आणि सुमिको इनोये यांच्या गटाने मिक्सोकॉकस झँथस या मातीतल्या जिवाणूचा डीएनए जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला, तेव्हा एक वेगळाच पट्टा उमटला. १६२ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या साखळीतल्या कड्यांचा), एकेरी धाग्याचा डीएनए. आणि एका जनुकसंचामागे त्याच्या ५०० ते ७०० प्रती! एवढा खर्च जिवाणू उगाच करत नसतो. या रेणूला एमएसडीएनए, म्हणजे अनेक प्रतींतला एकेरी धाग्याचा डीएनए, म्हणू लागले.

त्याची घडण तर फारच विलक्षण निघाली. गुणसूत्रावरून आधी आरएनए बनतो आणि स्वतःवरच दुमडतो. मग त्यातल्या ग्वानोसीन नावाच्या एका कडीच्या २′ (कडीतल्या साखरेवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या) टोकापासून डीएनए विणला जाऊ लागतो. एरवी ही जोडणी ३′ टोकाला होते. इथे मात्र झाडाच्या बुंध्याला मधूनच फांदी फुटावी तसा आरएनएला डीएनए फुटतो. साच्याचे काम झालेला आरएनएचा बराचसा भाग नंतर नष्ट होतो.

हे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय शक्यच नव्हते. १९८९ मध्ये मिक्सोकॉकसमध्ये आणि ई. कोलायच्या काही वाणांतही ते विकर प्रत्यक्ष सापडले. हा आरएनए आणि हे विकर घडवणाऱ्या जनुकघटकांना ‘रेट्रॉन’ हे नाव दिले ते टेमिन यांनीच. प्रयोगशाळांचा लाडका के-१२ वाण मात्र रेट्रॉनविना आहे. त्यात एखादा असता, तर कदाचित ही गोष्ट बरीच आधी उलगडली असती, असे मला वाटते.

जिवाणूला याचा उपयोग काय, हे कळायला २०२० उजाडले. त्याआधीच, २०१४ मध्ये, रेट्रॉन वापरून जिवंत पेशीच्या जनुकसंचात बदल लिहून दाखवले गेले होते! २०२० मध्ये शास्त्रज्ञ रोटेम सोरेक यांच्या गटाने दाखवले की रेट्रॉन जिवाणूभक्षक विषाणूंपासून वसाहतीचे रक्षण करतात. ईसी४८ हा रेट्रॉन पेशीच्या आरईसीबीसीडी या संरक्षक विकरावर नजर ठेवतो. विषाणूने या विकराला निकामी केले, की रेट्रॉनसोबतचे प्रथिन पेशीच्या पटलावर घाला घालते. पेशी मरते, पण विषाणूची नवी पिढी तयार होण्याआधी.