‘शाळेच्या वेळेत नको’: ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बरवुड गर्ल्स हायस्कूल ही सिडनीच्या क्रॉयडन भागातली मुलींची सरकारी शाळा. 28 ऑगस्ट 2015च्या शुक्रवारी तिथे ‘गेबी बेबी’ हा माहितीपट दाखवायचं ठरलं होतं. दोन आया किंवा दोन बाबा असलेल्या घरांत वाढणाऱ्या चार मुलांची ही गोष्ट. दिग्दर्शिका माया न्यूवेल स्वतः दोन आयांच्या घरात वाढलेली आणि याच शाळेत शिकलेली. दाखवण्याचं निमित्त होतं ‘वेअर इट पर्पल’ दिवसाचं. त्या दिवशी समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांना ‘तुम्ही एकटे नाही’ हे सांगण्यासाठी विद्यार्थी जांभळं काहीतरी घालून येतात.

दोन दिवस आधी सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’ या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ठळक मथळ्याने बातमी छापली. सिडनी ज्याची राजधानी आहे त्या न्यू साउथ वेल्स राज्याचे शिक्षणमंत्री एड्रियन पिकोली यांनी लगेच हुकूम काढला की शाळेच्या वेळेत हा माहितीपट दाखवायचा नाही, कारण तो अभ्यासक्रमात नाही. राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, माइक बेअर्ड जरा मवाळ बोलले. सहिष्णुतेचा हेतू त्यांना मान्य होता, मुलांनी स्वखुशीने पाहायलाही हरकत नव्हती, फक्त तासाच्या वेळेत नको. परिसरातल्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या एका धर्मगुरूंचा आक्षेप बातमीत होता. शाळेतल्या पालकांनी तक्रार केल्याचं मात्र शिक्षण खात्यालाही सांगता आलं नाही.

माहितीपटात आहे तरी काय? एका मुलाला कुस्तीच्या झगमगाटी टीव्ही शोचं वेड आहे आणि आईला ते पसंत नाही. एका मुलीला गायिका व्हायचंय. एक मुलगा उशिरा वाचायला शिकतोय. चौथा चर्चमध्ये जातो, आणि तिथे सांगतात ते आपल्या घराशी जुळत नाही, या पेचात पडलाय. वादाच्या मानाने ऐवज अगदीच घरगुती म्हणायचा.

‘अभ्यासक्रमात नाही’ या कारणाची खरी गंमत शाळेच्या वेळापत्रकात सापडते. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत 1880च्या कायद्यापासून धर्मशिक्षणाला जागा आहे. त्याला तिथे सगळे ‘स्क्रिप्चर’ म्हणतात. बाहेरच्या धर्मसंस्थांचे स्वयंसेवक शाळेच्याच वेळेत येऊन शिकवतात. ख्रिस्ती पंथांचे वर्ग असतात, तसे इस्लामचे, ज्यूंचे आणि हिंदूंचेही. सिडनीतल्या कितीतरी मराठी घरांत शाळाप्रवेशाच्या वेळी यातल्या कुठल्या रकान्यात खूण करायची यावर चर्चा झालेली असते. हे धर्मशिक्षणही राज्याच्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हे. ज्यांना नको ती मुलं बाजूला बसून वाचन किंवा गृहपाठ करतात, आणि तेवढ्या वेळात त्यांना नवा धडा शिकवायचा नाही असा दंडक आहे. यांच्यासाठी नीतिविचाराचा पर्यायी वर्ग यायला 2010-11 उजाडलं, तोही बऱ्याच विरोधानंतर. म्हणजे नको असेल त्याने बाजूला बसावं, ही सोय सव्वाशेहून अधिक वर्षं रुळलेली होती. या माहितीपटासाठी तीच वापरता आली असती.

त्याही आधी 1978 साली शेजारच्या क्वीन्सलँडमध्ये जे घडलं ते अधिक बोलकं आहे. तिथे ‘मॅकोस’ नावाचा, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीचा अमेरिकी समाजशास्त्र अभ्यासक्रम काही शाळांत सुरू होता. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर त्याच्या आखणीतले प्रमुख. त्याचा कणा म्हणजे कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या नेट्सिलिक इन्युइट लोकांवरचे चित्रपट. त्यांत मासेमारी आहे, शिकार आहे, जनावर फाडणं आहे, बर्फात घर बांधणं आहे. मुलांनी ते पाहावं आणि ही माणसं अशी का जगतात, आपण वेगळे का जगतो, असे प्रश्न विचारावेत, अशी कल्पना होती. रोना जॉयनर या बाईंनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. बायबलने घालून दिलेली मूल्यं यात सापेक्ष ठरवली जातात, हा त्यांचा मुद्दा. प्रीमियर योह बिएल्की-पीटरसन यांच्या मंत्रिमंडळाने जानेवारीत ‘मॅकोस’वर बंदी घातली, आणि पाठोपाठ ‘सेम्प’ या ऑस्ट्रेलियातच तयार झालेल्या सामाजिक शिक्षणाच्या साहित्यावरही. शिक्षक खवळले, पण बंदी राहिली. तिथे समलिंगी पालकांचा विषयच नव्हता. तरी दुसऱ्या तऱ्हेचं कुटुंब पडद्यावर दिसलं की आपल्या कुटुंबाचा पायाच हलतो, ही भीती तीच.

2004 साली तर शाळाही नव्हती, फक्त टीव्ही होता. ‘प्ले स्कूल’ या लहान मुलांच्या जुन्या, लाडक्या कार्यक्रमात एक मुलगी सांगते की माझ्या आया मला आणि माझ्या मैत्रिणीला मनोरंजन पार्कात नेताहेत. प्रसंग एवढाच. त्यावर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्यापासून मंत्र्यांपर्यंत अनेकांनी नाराजी नोंदवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, अशी दुरुस्ती संसदेने कायद्यात केली.

2015 नंतर वाद माहितीपटावरून ‘सेफ स्कूल्स’ या, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत त्रास होऊ नये म्हणून केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमावर सरकला. 2016 मध्ये त्याची तपासणी झाली, काटछाट झाली, पुढच्या वर्षी केंद्राचा निधीही थांबला. व्हिक्टोरियाने तो स्वतःच्या खर्चाने चालू ठेवला. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी का, यावरच्या 2017च्या टपाली मतचाचणीतही ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या जाहिरातीत लग्नापेक्षा शाळाच पुढे होती: माझ्या मुलाला शाळेने सांगितलं की फ्रॉक घालून आलास तरी चालेल, असं एक आई त्यात म्हणते. देशाने 61.6 टक्के कौल ‘हो’ला दिला, पण पश्चिम सिडनीतल्या बहुतेक मतदारसंघांनी ‘नाही’ म्हटलं. ब्लॅक्सलँडमध्ये तर जवळपास चौघांपैकी तिघांनी. स्थलांतरितांची ही वस्ती तोवर ‘बहुसांस्कृतिक ऑस्ट्रेलिया’चा दाखला म्हणून मिरवली जायची. अनेकांना त्या रात्री धक्का बसला. खरं तर बसायला नको होता.

त्याच पट्ट्यात, मे 2024च्या आरंभी, कंबरलँड नगरपरिषदेने समलिंगी पालकांविषयीची पुस्तकं आपल्या वाचनालयांतून हटवण्याचा ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी केला. वेंटवर्थविलसारखे भारतीयांनी गजबजलेले भाग याच हद्दीत येतात. इथे ना तास बुडणार होता, ना कुणावर सक्ती होती, त्यामुळे ‘शाळेच्या वेळेत नको’ हे म्हणायची सोयच नव्हती. राज्य सरकारने वाचनालयांचं अनुदान धोक्यात येईल असं बजावलं. दोन आठवड्यांनी, बाहेर दोन्ही बाजूंची निदर्शनं चालू असताना, परिषदेने ठराव बारा विरुद्ध दोन मतांनी फिरवला.