विष खाल्लेला उंदीर खरंच बाहेर जाऊन मरतो?

‘औषध खाल्लं की उंदराला तहान लागते, तो पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो. घरात वास नाही, मांजराला धोका नाही.’ कोल्हापुरात गुळाच्या गोदामापासून गोठ्यापर्यंत हे छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही.

दुकानातल्या रंगीत वड्यांमध्ये बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. ते तहान लावत नाही. के जीवनसत्त्वाचं काम अडवून रक्त गोठू देत नाही. उंदीर मरायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात. तोवर तो वडी पुन्हापुन्हा कुरतडतो, विष यकृतात साठतं आणि काही उंदीर दिवसाढवळ्या झिंगल्यासारखे उघड्यावर फिरतात. मांजराला याहून सोपी शिकार कुठली? उसाच्या फडावरच्या गव्हाणी घुबडालाही तेच सापडतात, आणि घुबड म्हणजे तर उंदरांचा फुकटचा बंदोबस्त! बाकीचे बिळात, माळ्यावर मरतात. वास सुटला की कळतं.

मांजर-कुत्र्यांत लक्षणं काही दिवसांनी दिसतात: मलूलपणा, फिक्या हिरड्या, काळी शी. दूध पाजत बसू नका. विषाचं वेष्टन घेऊन पशुवैद्याकडे जा. के-1 जीवनसत्त्व हा उतारा वेळेत मिळाला तर जनावर वाचू शकतं. काळसर भुकटीच्या झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरविषाला मात्र उताराच नाही. पोटात त्याचा विषारी वायू होतो, काही तासांत खेळ खलास.