इंग्रजी उच्चारांचा अभ्यास: अक्षराकडून कानाकडे

इंग्रजीत मुळाक्षरे 26 आणि ध्वनी साधारण 44. त्यातही पंचाईत स्वरांची. प्रमाण ब्रिटिश उच्चारात 20 स्वर मोजतात आणि ते लिहायला अक्षरे आहेत अवघी पाच. 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरे एका रांगेत आली, तर 'दो', 'थ्रू', 'कॉफ', 'रफ' आणि 'बाउ' या पाच शब्दांत पाच तऱ्हांनी वाचावी लागतात. हा गोंधळ कुणी मुद्दाम घातलेला नाही. तो साचत गेला.

रोमन लिपी लॅटिनसाठी घडलेली. सातव्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी ती इंग्लंडात रुजवली, तेव्हा जीभ दातांशी नेऊन काढायच्या ध्वनीला, म्हणजे 'थिंक'च्या सुरुवातीच्या ध्वनीला, तिच्यात अक्षरच नव्हते. म्हणून जुन्या रून लिपीतले 'थॉर्न' हे अक्षर उसने घेतले गेले. पुढे छपाई आल्यावर खिळ्यांच्या संचात थॉर्न नसायचे, तेव्हा त्याच्यासारखा दिसणारा 'वाय' लावून वेळ मारून नेली जाई. जुन्या थाटाच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' असे वाचतात, त्यातला 'ये' मुळात साधा 'द' आहे!

विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंग हळूहळू गोठू लागले. नेमके त्याच काळात उच्चार मात्र वाहत होते. साधारण 1400 ते 1700 या तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. आजचा 'हाउस' तेव्हा 'हूस'च्या जवळ होता, 'नेम' हा 'नाम'च्या जवळ. ओट्टो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1909 मध्ये या घडामोडीला 'महास्वरांतर' अशा अर्थाचे नाव दिले. भरीस भर म्हणून विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी 'डेट'मध्ये, म्हणजे कर्ज या अर्थाच्या शब्दात, कुणी न उच्चारलेला 'बी' घुसवला. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकीच्या व्युत्पत्तीतून आला.

हे दुखणे इंग्रजांनाही लवकरच जाणवले होते. जॉन हार्टने 1569 मध्ये ध्वनीप्रमाणे लिहिण्याची नवी पद्धत मांडली. ती कुणी स्वीकारली नाही, पण सोळाव्या शतकात इंग्रजी कानाला कशी लागत असेल हे जाणण्यासाठी अभ्यासक आजही त्याच्याकडे वळतात. अठराव्या शतकात प्रश्नाचा रोख बदलला. टॉमस शेरिडन (1780) आणि जॉन वॉकर (1791) यांनी उच्चारकोश काढले; दोघेही मूळचे रंगभूमीवरचे नट. स्वरांच्या डोक्यावर बारीक आकडे देऊन त्यांनी उच्चार दाखवले. आणि हे कोश कुणासाठी? वॉकरने स्कॉटलंड, आयर्लंड आणि खुद्द लंडनच्या रहिवाशांसाठी वेगळे नियम दिले होते. 'शुद्ध' इंग्रजी उच्चाराचे पहिले विद्यार्थी परके नव्हतेच. शेरिडन स्वतः आयरिश होता.

खरे वळण आले ते लक्ष कागदावरून तोंडाकडे गेल्यावर. आपल्या वर्णमालेत कंठापासून ओठांपर्यंत वर्ग लावलेले असतात आणि ते आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. युरोपीय अ-ब-कला असा कोणताही क्रम नाही. संस्कृतचा ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स याचा संस्कृतादी भाषांच्या लिप्यंतरावरचा निबंध 1788 मध्ये छापला गेला आणि ध्वनी तोंडात कुठे आणि कसा निघतो यावरची, म्हणजे स्थान-प्रयत्नाची, ही जुनी मांडणी तिकडच्या अभ्यासकांपुढे आली. जोन्सने ओळख करून दिलेले भारतीय वैयाकरण नसते, तर एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश ध्वनिविचाराची कल्पना करणेही कठीण, असे जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1946 मध्ये लिहिले. हे श्रेय जरा सढळ हाताने दिलेले वाटते, पण निराधार नाही.

अलेक्झांडर मेलव्हिल बेलने 1867 मध्ये जीभ, ओठ, घसा यांच्या स्थितीचीच चिन्हे बनवली. प्रात्यक्षिकात मुलाला खोलीबाहेर पाठवायचे, प्रेक्षकांनी काढलेले चित्रविचित्र आवाज चिन्हांत लिहायचे आणि मुलाने आत येऊन ते जसेच्या तसे काढून दाखवायचे. तो मुलगा म्हणजे टेलिफोनवाला ग्रॅहम बेल. त्याच काळातल्या हेन्री स्वीट या फटकळ ध्वनिशास्त्रज्ञाची छटा बर्नार्ड शॉच्या प्रोफेसर हिगिन्समध्ये उतरली, आणि पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळे ती मराठी प्रेक्षकालाही अनोळखी राहिली नाही.

1886 मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासीभोवती भाषाशिक्षकांची एक संघटना जमली आणि दोन वर्षांत तिने आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पहिला आराखडा दिला. एका ध्वनीला एक चिन्ह, एवढाच दंडक. शब्दकोशात तिरक्या रेघांमध्ये दिसणारी चिन्हे तिथून आली. म्हणजे लिपी फसली, म्हणून शिकणाऱ्याच्या माथी दुसरी लिपी आली. तरीही हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

पासीचा शिष्य डॅनियल जोन्स. त्याच्या 1917 च्या उच्चारकोशाने अनेक पिढ्यांना वळण लावले. कोणाचा उच्चार प्रमाण, याचे उत्तर त्याने उघडपणे दिले होते: बड्या निवासी शाळांत शिकलेल्या दक्षिण इंग्लंडमधल्या घरांचा. 1926 मध्ये त्याने या उच्चाराला 'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन', म्हणजे मान्य उच्चार, म्हटले. सगळ्या जगाने मूठभर लोकांसारखे बोलावे, ही अपेक्षा फार काळ टिकणारी नव्हतीच. समोरच्याला फार कष्ट न पडता कळावे एवढे पुरे, असे डेव्हिड अॅबरक्रॉम्बी या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने 1949 मध्येच म्हटले. 2000 मध्ये जेनिफर जेनकिन्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एकमेकांना समजण्यासाठी आवश्यक गोष्टींची यादी केली, तेव्हा शिक्षकांनी आयुष्यभर घोटून घेतलेला तो दातांशी काढायचा ध्वनी त्यांनी चक्क वगळला. स्वरांची लांबी आणि वाक्यातला मुख्य आघात, म्हणजे जोर, मात्र ठेवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेपरेकॉर्डर आणि भाषा-प्रयोगशाळा आल्या आणि 'शिप–शीप' अशा जोड्यांची घोकंपट्टी सुरू झाली. देवनागरीत लिहिताना हा फरक नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा वाटतो, आणि तिथेच आपली फसगत होते. जीभही निराळ्या जागी असते. जोन्सच्या कोशात हे दोन स्वर एकाच चिन्हाने, फक्त लांबीची खूण बदलून लिहिले जात, ए. सी. गिमसनने 1977 च्या आवृत्तीत त्यांना वेगळी चिन्हे दिली. आघाताकडे दुर्लक्ष झाले तर त्याहून मोठा घोटाळा होतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर, म्हणजे 'फो'वर, पण 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर, आणि जोर गेला की स्वर विरून अस्पष्ट 'अ' उरतो. इंग्रजीत सर्वांत जास्त ऐकू येणारा स्वर हाच, आणि त्याला स्वतःचे अक्षर नाही.

मग पाळी आली कानाची. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखतात. वर्षाची होईस्तोवर ही क्षमता बहुतांशी ओसरते. जे कानाला वेगळे लागत नाही, ते जिभेला कसे सांगणार? उत्तर जपानी भाषकांवरच्या प्रयोगांतून मिळू लागले. 'र' आणि 'ल'च्या जोड्या त्यांना वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत पुन्हा पुन्हा ऐकवल्या आणि दर उत्तराला बरोबर की चूक एवढेच सांगितले. त्यांचे ऐकणे सुधारले. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे बोलणेही सुधारले होते, आणि त्या काही आठवड्यांच्या सरावात त्यांच्याकडून एकही शब्द म्हणवून घेतलेला नव्हता.