क्रोमियमचा शेजार

रवीसाठी माणिक, बुधासाठी पाचू. राशिरत्नांच्या जाहिराती वाचल्या की हे दोन खडे जणू दोन वेगळ्या विश्वांतून आलेत असं वाटतं. प्रत्यक्षात माणकाला लाल आणि पाचूला हिरवा करणारं मूलद्रव्य एकच आहे: क्रोमियम. घरातल्या स्टीलच्या भांड्यांत असतं तेच. (काही पाचूंत व्हॅनेडियमही हातभार लावतं.)

माणिक म्हणजे कुरुविंद, साधं अॅल्युमिनियम ऑक्साइड. पाचू म्हणजे बेरिल. त्यात अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनखेरीज बेरिलियम आणि सिलिकॉनही असतात. दोन्ही खनिजं शुद्ध असली तर रंगहीन. काही मोजक्या अॅल्युमिनियम आयनांच्या (म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या अणूंच्या) जागी क्रोमियम येऊन बसला की रंग चढतो.

मग इथे लाल आणि तिथे हिरवा का? रसायनशास्त्रातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट, म्हणून जरा रेंगाळतो. दोन्ही स्फटिकांत क्रोमियमच्या भोवती सहा ऑक्सिजन असतात. क्रोमियमच्या पाच 'डी' कक्षिकांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन वावरतात त्या जागांमध्ये, तीन इलेक्ट्रॉन. एकट्या आयनात या पाचही कक्षिकांची ऊर्जा सारखी. पण ऑक्सिजनच्या ऋणप्रभाराने घेरल्यावर ज्या दोन थेट ऑक्सिजनकडे रोखलेल्या असतात त्या वर चढतात, उरलेल्या तीन खाली राहतात. खालच्या इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश खडा गिळतो. माणकात हे अंतर सुमारे २.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं एक एकक), म्हणजे हिरवा-पिवळा प्रकाश गेला. उरला मुख्यतः लाल. पाचूत शेजारचे अणू वेगळे, त्यामुळे क्रोमियमला जाणवणारं विद्युत क्षेत्र थोडं सौम्य. अंतर सुमारे २.०५ वर येतं, गिळला जाणारा पट्टा नारिंगी-लालकडे सरकतो आणि हिरव्याला वाट मिळते. एवढ्याशा फरकाने लालाचा हिरवा! जांभळ्या बाजूचा दुसरा पट्टाही दोघे गिळतात, पण त्याचं कारण सांगायचं तर इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणात शिरावं लागेल.

या अंतराच्या बाबतीत दोघांच्या मधोमध अॅलेक्झांड्राइट. रशियातल्या उरल पर्वतात सापडलेला हा खडा दिवसा हिरवा आणि मेणबत्तीपुढे लाल दिसतो. रंगद्रव्य पुन्हा क्रोमियमच.

माणिक आणखी एक करामत करतं. गिळलेल्या ऊर्जेचा काही भाग ते ६९४ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात परत देतं. म्यानमारमधल्या मोगोकच्या माणकांत लोह कमी असल्याने ही चमक मारली जात नाही. उन्हात ती आतून पेटल्यासारखी दिसतात, त्यांच्या मोठ्या किमतीमागचं हे एक कारण. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला तो याच लाल प्रकाशावर, आणि तोही कृत्रिम माणकाचा कांब वापरून. खडा रवीचे किरण खेचून अंगात सोडतो म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. कुठला प्रकाश गिळायचा हे क्रोमियम ठरवतं; बोटाच्या मालकाची पत्रिका त्याला वाचता येत नाही.

दागिन्यात मात्र दोघांचा स्वभाव वेगळा. माणकाची कठिणता १ ते १० च्या मोह्स मापावर ९, अंगठीत रोज घाला. पाचू ७.५ ते ८, शिवाय आत भेगा; त्या झाकायला बहुतेक पाचूंना तेल पाजलेलं असतं. म्हणून त्याचे कोपरे छाटून पैलू पाडतात. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तो टाकू देऊ नका, कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा.

ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी ज्योतीत माणिक घडवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यातही क्रोमियम तेच आणि रंगही तोच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या वक्र रेषा दिसल्या तर तो भट्टीतला. मोठी खरेदी असेल तर सराफाच्या शब्दावर न जाता प्रयोगशाळेचा अहवाल मागा.